'ने'ची वही: एका अक्षराचा शब्द परक्या भाषांत कसा शोधायचा

तुर्कस्तानातलं एदिर्ने शहर नकाशावर काढा. शहराजवळून एक नदी जाते आणि पश्चिमेला थोड्याच अंतरावर, त्या नदीतच, तुर्कस्तान, ग्रीस आणि बल्गेरिया या तिन्ही देशांच्या सीमा भेटतात. नदी एक, नावं तीन: तुर्कांची मेरिच, ग्रीकांची एव्रोस, बल्गेरियनांची मारित्सा. या टापूत कुणी नुसतं 'ने' म्हणालं, तर बोलणारा कुठल्या काठाचा हे कळल्याशिवाय पुढे सरकता येत नाही. ग्रीकाचा 'ने' म्हणजे हो. बल्गेरियनाचा 'ने' म्हणजे नाही. तुर्काचा 'ने' म्हणजे 'काय?'. मान बघून ठरवावं म्हटलं तर तीही दगा देते. बल्गेरियात नाही म्हणताना मान वरखाली हलवतात आणि हो म्हणताना आडवी. ग्रीक आणि तुर्क नाही म्हणताना मान एकदाच वर झटकतात.

मी सोलापूरची. पुण्यात राहते, चाकणकडच्या कारखान्यांसाठी जपानीतून मराठी-इंग्रजीत भाषांतरं करते आणि उरलेल्या वेळात अशा आखूड शब्दांच्या वह्या भरते. एक शब्द, एक वही. 'ने'ची सगळ्यात जाड झाली आहे. जपानी-कोरियन शिकणारी ओळखीतली पोरं विचारतात, ताई, हे शोधायचं कसं, नेटवर तर कुणीही काहीही ठोकून देतं. खरंय. म्हणून माझी रीत सांगते, आणि ती 'ने' घेऊनच सांगते.

शब्द आखूडच घ्या

यामागे साधा हिशोब आहे. समजा एखाद्या भाषेत १५ व्यंजनं आणि ५ स्वर आहेत. एक व्यंजन, एक स्वर अशी अक्षरं होतील ७५. हो, नाही, मी, तू, काय, आणि, पण, हे, ते असले दिवसभर लागणारे शब्द प्रत्येक भाषा आखूडच ठेवते, त्यामुळे ते सगळे या ७५ जागांमध्ये दाटीवाटीने बसतात. 'ने' रिकामा राहणं जवळपास अशक्यच. दोन अक्षरांचा शब्द घेतलात की जागा होतात ७५ गुणिले ७५, म्हणजे ५,६२५. तिथे सारखेपणा सापडला तर थोडं थांबून बघण्यासारखा असतो. एका अक्षरात सापडला तर त्याचं कौतुक नको. हा हिशोब वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, पुढे फार वेळा उपयोगी पडतो.

आधी घरातला 'ने'

सगळ्यांना जपानीकडे धाव घ्यायची घाई असते. आधी मराठी मोजा.

'हा डबा आजीकडे ने.' हे क्रियापद. 'रामाने', 'चाकूने', 'बसने'. हा तृतीयेचा प्रत्यय. दिसायला दोन्ही एकच, पण एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. पहिला 'ने' संस्कृतातल्या 'नी' धातूचा. नेता, नायक, नयन, अभिनय ही त्याची भावंडं. दुसऱ्याचं जुनं रूप बघायचं तर श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायापाशी कोरलेलं वाक्य आठवा: 'चावुंडराजें करवियलें'. आपण आज 'चावुंडराजाने करवलं' म्हटलं असतं. तिथे नुसता 'एं' आहे, 'ने' नाहीच. म्हणजे आपला हा 'ने' दगडात कोरलेल्या त्या मराठीनंतर रुळलेला. शिवाय तो लिहिण्यापुरताच. बोलताना आपण 'रामानं', 'बसनं' म्हणतो. वहीत ही दोन्ही रूपं लिहा, कारण परक्या भाषेतला शब्द आपण कानाने पकडणार आणि आपला मात्र डोळ्याने वाचणार, हा घोळ इथूनच सुरू होतो.

घरानंतर शेजार. हिंदीत 'राम ने दिया', मराठीत 'रामाने दिलं': दोन्हीकडे देणारा राम. आता डहाणूच्या पुढे उंबरगावला जा. 'रामने आप्युं' याचा अर्थ रामाला दिलं. गुजरातीत 'ने' हा आपला 'ला' आहे. तालुका ओलांडला आणि देणारा राम घेणारा झाला. तोच गुजराती 'ने' 'आणि' म्हणूनही येतो, आणि 'आवशो ने?' मध्ये आपल्या 'याल ना?'चंही काम करतो. एवढं सख्ख्या शेजारणीकडे. मग ग्रीक-तुर्कांचं काय नवल?

सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू घराघरात आहे. तिथे 'ने वस्ता' म्हणजे 'मी येईन'. पूर्ण शब्द 'नेनु', बोलताना 'ने' उरतो. 'ने' म्हणजे मी आणि 'नी' म्हणजे तुझं. अक्कलकोटच्या बाजूला कन्नडात 'नी' म्हणजे तू. हा 'नी' पुढे लागणार आहे, कोपऱ्यात लिहून ठेवा.

रोमन अक्षरांवर भरवसा नको

इंग्रजी विक्शनरी, म्हणजे नेटवरचा शब्दकोश, उघडून रोमनमध्ये एन-ई टाकलं की भलंमोठं पान येतं. एकाखाली एक भाषा. नवखी माणसं ते पान उतरवून काढतात आणि वही भरली म्हणतात. अडचण अशी की ते पान स्पेलिंगवर लावलेलं आहे, उच्चारावर नाही.

फ्रेंचचं घ्या. तिथे एन-ई आहे, अर्थ नकाराचा, पण उच्चार 'ने' नाही, ओझरता 'न' आहे. आणि बोलताना फ्रेंच लोक तो बहुतेक वेळा गाळूनच टाकतात. लिहिताना 'झ न से पा', तोंडात 'झ से पा', मला माहीत नाही. नकाराचं सगळं ओझं आता 'पा'वर, आणि हा 'पा' मुळात पाऊल. 'एक पाऊलही चाललो नाही'मधलं पाऊल नकाराला चिकटलं आणि हळूहळू मूळ नकार झिजला. ओटो येस्पर्सन या डॅनिश भाषाशास्त्रज्ञाने १९१७ साली ही नकार झिजण्याची रीत बऱ्याच भाषांमधून दाखवली आहे. तर फ्रेंच नोंद 'ने'च्या वहीत येत नाही. तिची जागा 'न'च्या वहीत.

चिनीचं तसंच. 'नी न?' म्हणजे 'आणि तू?'. हा शेवटचा 'न' रोमनमध्ये एन-ई लिहितात, आणि ज्याने चिनी ऐकलेली नाही तो ते 'नी ने' वाचून मोकळा होतो.

उलट जे खरोखर 'ने' आहेत ते त्या पानावर सापडतीलच असं नाही. ग्रीक 'हो' त्यांच्या लिपीत आल्फा-योटा घालून लिहितात. प्राचीन काळी तो 'नाइ' होता, आज 'ने' आहे. रोमनमध्ये उतरवणारे बरेचदा एन-ए-आय लिहितात, आणि मराठी माणूस ते 'नाय' वाचून नेमका उलटा अर्थ घेतो. कोरियन 'ने' तर स्वतःच्या लिपीत एका ठोकळ्यात बसलेला असतो. म्हणून फोर्वोसारख्या संकेतस्थळावर जाऊन त्या त्या भाषेच्या माणसाचा आवाज ऐका, आणि ऐकलं तसं देवनागरीत लिहा. या कामाला देवनागरी रोमनपेक्षा फार बरी.

कोरियन 'ने' ऐकाल तेव्हा चकाल. सोलच्या माणसाच्या तोंडून तो कित्येकदा 'दे'सारखा येतो. शब्दाच्या सुरुवातीचा 'न' तिथे नाकातून पुरता निघत नाही. 'ने (दे?)' असं कंसात लिहा, खोडू नका.

सुटा शब्द विचारू नका

भाषांतराच्या अॅपमध्ये 'ने' एवढंच टाकून अर्थ विचारणं म्हणजे अॅपला खोटं बोलायला लावणं आहे. भाषा ओळखायचं काम त्याच्यावर सोडलंत तर तो ठोकून देतो. भाषा स्वतः निवडा आणि पूर्ण वाक्य टाका. माणसाला विचारायची संधी असेल तर 'तुमच्यात ने म्हणजे काय?' असं विचारू नका. 'फोनवर समोरचा बोलत असताना तुम्ही मधे मधे काय म्हणता?' असं विचारा.

रांजणगावच्या एका कोरियन कारखान्यात काम करणाऱ्या मैत्रिणीला मी हेच विचारलं. ती म्हणाली, साहेब फोनवर सारखं 'ने, ने, ने' करतात, पण याचा अर्थ मान्य आहे असा नाही, ऐकतोय, एवढाच. आपलं 'हं... हं' असतं तसं. आणि तेच 'ने' शेवटी सूर चढवून म्हटलं तर 'काय म्हणालात?'. म्हणजे कोरियनचा 'ने' एकटाच ग्रीक आणि तुर्की अशी दोन्ही कामं उरकतो, फक्त सुरावर. पुढे ऐका. 'ने गे' म्हणजे चार नग. कारण मोजताना चारचा 'नेत' वस्तूच्या आधी 'ने' होतो. आणि 'ने छेक' म्हणजे तुझं पुस्तक. पण 'माझं'सुद्धा आजकालच्या बोलण्यात 'ने'सारखंच ऐकू येतं, पूर्वी त्या दोन स्वरांत फरक होता तो आता पुसला गेला. तुझं-माझं एक झाल्यावर व्यवहार कसा चालणार? म्हणून बोलताना 'तुझं'चं 'नी' करून टाकलं: 'नी छेक'.

जपानी तर माझ्या रोजच्या पोटाची भाषा, तिथे जरा जास्त थांबते. 'अत्सुइ देसु ने', गरम होतंय ना. मराठी मुलांना हा 'ने' पहिल्या आठवड्यात जमतो, कारण तो आपल्या 'ना'च्या जागीच बसतो. आणि त्यामुळेच पुढे वर्षभर छळतो. आपण 'मला काल ताप होता ना, म्हणून आले नाही ना' असं सहज म्हणतो. समोरच्याला ही बातमी नवी असते, तरी 'ना' चालतो. जपानीत 'ने' लावायचा तो दोघांना ठाऊक असलेल्या, दोघांनाही दिसणाऱ्या गोष्टीला. हवा गरम आहे, चहा छान आहे. नवी बातमी सांगायला 'यो' आहे. आपल्या तापाला 'ने' लावला तर ऐकणाऱ्याला वाटतं, मला कसं माहीत असणार? वहीत 'ने = ना' एवढंच लिहिलंत तर हा फरक हातातून गेला. म्हणून वाक्य, आणि वाक्याशेजारी ते कुठे चालत नाही तेही.

जपानीत 'ने' म्हणजे मूळ, झाडाचं. 'ने' म्हणजे किंमत. 'ने' म्हणजे नाद, रातकिड्यांचा वगैरे. त्यांच्या बारा प्राण्यांच्या राशीचक्रातला उंदीरही 'ने'. सुटा उच्चारलात तर मूळ आणि किंमत वेगळी ओळखू येत नाहीत. पुढे 'गा' हा प्रत्यय लावा. टोकियोच्या बोलीत किंमतीचा 'ने गा' सपाट जातो आणि मुळाच्या 'ने गा'मध्ये 'गा' खाली उतरतो. सुटा शब्द विचारू नका म्हणते ते यासाठी. 'ने मो हा मो नाइ', मूळही नाही, पानही नाही, हे ते अफवेला म्हणतात. आपण बिनबुडाची म्हणतो.

हंगेरियन मला फारशी येत नाही, पण तिच्यातला 'ने' मराठी माणसाला इंग्रजांपेक्षा लवकर कळतो. तिथे नकार दोन. 'नेम' म्हणजे नाही, 'ने' म्हणजे नको. 'नेम मेद्येक', मी जात नाही. 'ने मेन्य', जाऊ नको. गोव्याकडचं कोंकणी 'ना' आणि 'नाका' डोळ्यापुढे आणा, जोडी तशीच आहे. (हंगेरियनचा हा स्वर आपल्या 'ने'पेक्षा तोंड जास्त उघडून येतो, 'नॅ'कडे झुकतो.) तिची दूरची बहीण फिनिश. तिच्यात 'ने' म्हणजे 'ते', अनेकवचनी, वस्तूंबद्दल. बोलताना माणसांनाही सर्रास लावतात. एकाच कुळातल्या दोन भाषा आणि 'ने'चे अर्थ असे.

भावंडं विचारा

इथवर नुसती वेच झाली. आता खरं काम. प्रत्येक नोंदीपुढे तीनपैकी एक शब्द लिहायचा: नातं, उसना, योगायोग. सारखं ऐकू आलं, सारखा अर्थ निघाला, तरी त्यावरून काहीच ठरत नाही. ठरतं ते त्या शब्दाच्या भावंडांवरून. म्हणजे त्याच भाषेत त्याच्याच घरातले आणखी शब्द कोणते, ते बघायचे.

सगळ्यात चांगलं उदाहरण 'का' देतो. 'हे पुस्तक आहे का?' जपानीत 'कोरे वा होन देसु का?' वाक्याच्या शेवटी 'का', अर्थ प्रश्नाचा, जागासुद्धा तीच. ज्याला त्याला वाटतं, काहीतरी संबंध असणारच. मराठी 'का'ची भावंडं बोलवा: काय, कोण, कुठे, केव्हा, कसा, किती. सगळी 'क'ची. आता जपानी 'का'ची: कोण म्हणजे 'दारे', कुठे म्हणजे 'दोको', केव्हा 'इत्सु', काय 'नानि'. एकही 'क'ने सुरू होत नाही. मराठीत 'क' हीच प्रश्नाची खूण आहे आणि घरभर पसरली आहे. जपानीत 'का' शेवटी येऊन एकटा उभा राहतो. वहीत लिहा: योगायोग.

'नाय'चंही तेच. 'वाकारानाइ' म्हणजे कळत नाय, 'ताबेनाइ' म्हणजे खात नाय. वर्गात पोरं हसून लोळतात. पण जपानी 'नाइ'ला भूतकाळात न्या: 'नाकात्ता'. तो विशेषणासारखा चालतो. आपला 'नाही' क्रियापदासारखा चालतो: नाहीस, नाहीत, नव्हतो, नव्हती. दोघांची चालच वेगळी. योगायोग.

कोपऱ्यात ठेवलेला 'नी' आता काढा. तेलुगूत 'नी' तुझं, कन्नडात 'नी' तू, चिनीत 'नी' तू, कोरियन बोलण्यात 'नी' तुझं. चार भाषा, जवळपास एकच अर्थ. कन्नड आणि तेलुगू एका द्राविड घरातल्या, त्यांच्यापुढे 'नातं' लिहा. चिनीची भावंडं बघा: मी 'वो', तू 'नी', तो 'था'. कन्नडची: मी 'नानु', तू 'नीनु'. जुळत नाहीत. आणि कोरियन 'नी'चा पत्ता आपल्याला आधीच लागला आहे: 'ने'चा स्वर 'माझं'मध्ये मिसळायला लागला म्हणून सोयीसाठी झालेलं ते अलीकडचं रूप. अलीकडे घडलेला शब्द हजारो वर्षांपूर्वीच्या नात्याचा पुरावा कसा होईल? शब्दाचं वय विचारायचं ते यासाठी.

तरी असली नाती जोडणारे लोक साधेसुधे नव्हते. होमर हल्बर्ट या अमेरिकन मिशनऱ्याने १९०५ साली कोरियन आणि द्राविड भाषांच्या तुलनेचं व्याकरण लिहिलं. जपानमध्ये सुसुमु ओनो या नामांकित अभ्यासकाने जपानी तमिळशी जोडायचा प्रयत्न केला. बहुतेक भाषाशास्त्रज्ञांनी दोन्ही गोष्टी मान्य केल्या नाहीत. सारख्या शब्दांच्या याद्या कुणालाही करता येतात. अमुक ध्वनीसमोर नेहमी तमुक ध्वनी, असा नियम शेकडो शब्दांतून दाखवावा लागतो, आणि तिथे गाडी अडते.

उसन्या शब्दांची ओळख तुर्कीत करून घ्या. तुर्की 'ने' म्हणजे काय. 'बु ने?' हे काय? त्याची भावंडं भरपूर: 'नेदेन' का, 'नेरेदे' कुठे, 'ने झामान' केव्हा. 'नासल', म्हणजे कसं, हा 'ने' आणि 'असल' मिळून झालेला, आणि तो 'असल' अरबी, आपल्या अस्सलमधला. 'ने हाबेर?' तर भाषांतर न करताच कळतो: काय खबर? इथे 'ने' पक्का तुर्की, 'हाबेर' आणि आपली 'खबर' दोन्ही अरबीहून आलेले.

पण त्याच तुर्कीत 'ने चाय ने काहवे' म्हणतात, ना चहा ना कॉफी. हा 'ने' 'काय'वाला नाही. तो फारसीतून आला. फारसीतला हा नकार आणि संस्कृतातला 'न' एका घरचे, बल्गेरियन 'ने' त्यांच्याच घरचा. आपल्या नापसंत, नाराज, नालायक यांतला 'ना' तर थेट फारसीतूनच उचललेला. म्हणजे तुर्की माणसाच्या तोंडात दोन 'ने' आहेत: एक घरचा, एक उसना, आणि उसना तो आपला लांबचा नातलग. कोश नीट बघितला नाही तर एका ओळीत दोन्ही कोंबले जातात.

आता एका मराठी शब्दावर हात साफ करा: बदनाम. इंग्रजीत 'बॅड नेम'. दोन्ही भाग जुळतात, अर्थही जुळतो. 'नाम' आणि 'नेम' खरेच नात्यातले; फारसी, संस्कृत, ग्रीक, लॅटिन, कुठेही जा, या घराण्यात नावाचा शब्द 'न' आणि 'म' धरून आहे. 'बद' आणि 'बॅड' मात्र अजिबात नात्यातले नाहीत. फारसी 'बद' मध्यकालीन फारसीत, म्हणजे पहलवीत, 'वद' होता. इंग्रजी 'बॅड'शी त्याची गाठ कुठेच पडत नाही. एकाच शब्दात अर्धं नातं आणि अर्धा योगायोग. मी नव्या माणसाला पहिल्यांदा हाच शब्द देते.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर क्वीन्सलँडमधल्या म्बाबराम भाषेत कुत्र्याला 'डॉग' म्हणत. इंग्रजांकडून घेतलेला नव्हे, त्यांचा स्वतःचा शब्द. १९६०च्या दशकात आर. एम. डब्ल्यू. डिक्सन या भाषाशास्त्रज्ञाने तो नोंदवला. खरंखोटं ठरलं ते शेजारच्या भाषांवरून: यिडिनमध्ये कुत्रा म्हणजे 'गुडागा', जिरबलमध्ये 'गुडा'. म्बाबराममध्ये शब्दांचा सुरुवातीचा भाग गळायची खोड होती, 'गुडागा'चा 'डॉग' त्याच नियमाने झाला. शेजारच्या भाषा तपासल्या नसत्या तर सगळ्यांनी डोळे मिटून 'उसना' लिहिलं असतं.

काय वहीत घेऊ नये

आई-बापाचे शब्द बाजूला ठेवा. कोरियन 'अप्पा', तमिळ 'अप्पा'. कोरियन 'ऑम्मा', तमिळ 'अम्मा'. यावर लोक तासन्‌तास बोलतात. बाळाच्या ओठांतून पहिल्यांदा म, प, ब हेच निघतं आणि जवळचं माणूस ते स्वतःकडे ओढून घेतं. रोमान याकोब्सन या भाषाशास्त्रज्ञाने या गोष्टीची चांगली मीमांसा केली आहे. जगभर हेच, त्यामुळे त्यातून नातं सिद्ध होत नाही. कोण ओढून घेईल याचाही नेम नाही. जॉर्जियन भाषेत 'मामा' म्हणजे बाप, आई म्हणजे 'देदा'.

आवाजावरून पडलेली नावंही नकोत. हवाईचा राज्यपक्षी एक हंस आहे, त्याचं नाव नेने. तो ओरडतोच तसा, म्हणून. स्पॅनिशमध्ये 'नेने' म्हणजे तान्हं बाळ, तुर्की बोलींमध्ये आजी. आपल्याकडच्या नेन्यांनी यातलं काय घ्यायचं ते त्यांचं त्यांनी ठरवावं, वहीत मात्र 'ने'खाली यातलं काही येत नाही.

वही कशी आखायची

पानाला पाच रकाने पुरतात. ऐकला तसा उच्चार, देवनागरीत. पूर्ण वाक्य आणि मराठी अर्थ. कुणाकडून कळलं: माणूस, कोश की नुसतं नेट. भावंडं. आणि शेवटी नातं-उसना-योगायोग, पेन्सिलीने. पेन्सिलीने अशासाठी की भावंडं सापडत जातात तसा हा शेवटचा रकाना बदलतो. भावंडांचा रकाना रिकामा असेल तर शेवटचाही रिकामा ठेवा. रिकामं पान दिसायला वाईट दिसतं म्हणून काहीतरी भरायचा मोह होतो, तो टाळा.

कंपनीसाठी, अॅपसाठी आखूड नाव ठरवायचं म्हणून कुणी हे करत असेल तर दोन रकाने वाढवा: ते सूर चढवून म्हटलं तर काय होतं, आणि फोनवर म्हटलं तर काय. कागदावर निर्दोष वाटणारी नावं फोनवर 'हो', 'नाही' किंवा 'काय?' होऊन बसतात. कोरियनला 'ने' नावाचं अॅप विकणाऱ्याने 'कुठलं अॅप?' याचं उत्तर एकदा मनातल्या मनात देऊन बघावं.

पुढचा शब्द म्हणून 'दे' घ्या. थोडा माल देते, शेवटचा रकाना तुम्ही भरा. स्पॅनिशमध्ये 'दे' म्हणजे चा-ची-चे. चिनीतही 'चा'साठी रोमनमध्ये डी-ई लिहितात; उच्चार काय ते आधी ऐका. तुर्कीत 'बेन दे' म्हणजे मी पण. जपानीत 'बासु दे' म्हणजे बसने. आणि हे सगळं उघडण्याआधी मराठीतला 'दे' मोजा. 'पाणी दे' आणि 'जाऊ दे' हे दोन 'दे' एक की दोन, पहिलं पान तिथून सुरू करा.